न पाहिलेलं चित्रीकरण

ती घटना आठवली, की आजही माझी मान नकळत आभाळाकडे जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर विहिरीतून अख्खी तिजोरी वर काढली. पण 'तुमची सर्वांत मोठी केस कोणती?' असं कोणी विचारलं, की मी हीच सांगतो आणि ऐकणारा हिरमुसतो. यात ना रक्त, ना चोरी. एक बाई, तिची गच्ची आणि एक उडतं यंत्र, एवढंच. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा अमरावती शहरात होतो. आमच्या हद्दीत राजापेठेमागच्या गल्ल्या येत. शिकवणी वर्ग, दुकानं आणि दुचाक्यांची गर्दी. भांडणं बहुतेक गाडी लावण्यावरून. माघ महिना होता, दिवस गुरुवारचा. सकाळची हजेरी आटोपून मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा होतो, तेवढ्यात पंचेचाळिशीच्या एक बाई आत आल्या. त्या गणिताच्या शिकवण्या घेत. साडी नीटनेटकी, केस चापूनचोपून बसवलेले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत काळ्या प्लास्टिकचा बोटभर तुकडा होता.

"काल दुपारी माझ्या गच्चीवर ड्रोन आला होता. कपड्यांच्या दोरीला अडकला, त्याच्या पंख्याचा हा तुकडा."

"काही चोरीला गेलं?"

"नाही."

"कोणाला लागलं?"

"नाही."

"मग मॅडम, त्यात एवढं काय?"

हे मी चारचौघांत, माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो. आणि माझा नेहमीचा आवाज फाटकापर्यंत जातो. अंमलदाराला सांगितलं, अदखलपात्र नोंद घ्या आणि मॅडमना पोच द्या. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या, मूळच्या भातकुलीकडच्या. फटकळ, पण माणूस ओळखण्यात माझ्या दोन पावलं पुढे. त्या उठल्या आणि बाईंना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. वीस मिनिटांनी एकट्याच बाहेर आल्या आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"सायेब, ते केस त्यायचे नाईत. टोप हाय."

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"कॅन्सरचं औषध चालू होतं त्यायले. सारे केस गेले. शिकवणीतल्या पोरायले मालूम नाई, गल्लीत मालूम नाई. दुपारी तीनले एका वर्गाची पोरं गेली अन् दुसऱ्या वर्गाची यायची, त्या मधल्या अर्ध्या घंट्यात जिन्याची कडी लावून त्या गच्चीवर डोक्याले ऊन देते. तेवढाच वेळ टोप काढते. अन् तुमी म्हनता, त्यात एवढं काय!"

मी आत गेलो आणि माफी मागितली. पोलीस माफी मागतो तेव्हा ती जरा अवघडलेलीच असते. बाईंनी ती घेतली आणि मुद्द्याचं बोलल्या.

"साहेब, माझी आई अकोल्याला भावाकडे असते. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. माझ्या आजाराचं तिला काहीच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस जाऊ द्या. तिला मीच सांगणार आहे, तिच्यापाशी बसून. ते यंत्र इतकं खाली आलं होतं, की हात लांब केला असता तर लागलं असतं. माझ्या तोंडासमोर थांबलं. मला डोकंसुद्धा झाकता आलं नाही. तो व्हिडिओ फिरला तर संध्याकाळपर्यंत अकोल्यात कोणाच्या तरी मोबाइलवर असेल, आणि तो कोणीतरी आईला दाखवेलच. तिनं ते तसं पाहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

एवढंच. पण या एवढ्यासाठी कलम बसवताना मला घाम फुटला. कायद्यात बाईच्या खासगीपणाला संरक्षण आहे, पण तिथे ज्या गोष्टी मोजून सांगितल्या आहेत, त्यात डोक्याला ऊन देणं कुठे बसेना. शेवटी विनापरवाना उड्डाणापासून सुरुवात केली आणि पुढचं तपासात पाहू म्हटलं. तो तुकडा मुद्देमाल म्हणून जमा करून घेतला.

हवालदारबाई शुक्रवारी दिवसभर त्या तुकड्याचा फोटो घेऊन फिरल्या. कॅमेरा दुरुस्तीवाले, फोटो स्टुडिओ, लग्नाचं शूटिंग करणारे, कोणालाच सोडलं नाही. दुपारी एका स्टुडिओवाल्याने फोटो पाहिला आणि उगाचच काउंटर पुसायला घेतलं. विचारलेलं नसताना जो माणूस काम काढतो, त्याला काहीतरी माहीत असतं, हे हवालदारबाईंना सांगावं लागत नाही. त्या तिथेच स्टूल ओढून बसल्या. अर्ध्या तासात स्टुडिओवाला बोलला. परवाच एकजण तसाच पंखा विकत घेऊन गेला होता. अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याचा माणूस, तिशीचा. इथे खोली घेऊन राहतो, लग्नसराईत गावाकडची कामं घेतो. उद्या तेल्हाऱ्याजवळ एका लग्नात त्याचा ड्रोन आहे. आणि जाता जाता स्टुडिओवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या माणसाने एका इमारतीचं शूटिंग करून फ्लॅटच्या दलालाला दिलं होतं, आणि दलाल त्याची जाहिरात रविवारी सगळीकडे पाठवणार होता.

शनिवारी सकाळी आम्ही दर्यापूर, अकोट करत तेल्हारा गाठलं. तिथल्या ठाण्यात आमची नोंद केली, सोबत एक स्थानिक शिपाई घेतला आणि साध्या कपड्यांत लग्नाला गेलो. शेतालगत मांडव होता. अक्षता पडेपर्यंत थांबायचं ठरवलं. कोणाच्या लेकीच्या लग्नात पोलीस शिरले, हे गाव वीस वर्षं विसरत नाही.

अक्षता पडल्या. तो माणूस मांडवामागे रिमोट हातात धरून उभा होता आणि ड्रोन वर होता. मी शेजारी जाऊन ओळखपत्र दाखवलं. तो दचकला, पण त्याने यंत्र पडू दिलं नाही. "सायेब, आधी उतरवू द्या, नाई तं कोनाच्या डोक्यावर पडंल," म्हणाला. मी मान हलवली आणि सहज त्याच्या हातातल्या पडद्यावर नजर टाकली.

मी जे पाहिलं त्याने खरोखर थक्क झालो. हा मुलूख मी बालपणापासून तुडवला आहे. पण काळ्या मातीचे ते चौकोन, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या ओळी, हरभऱ्याचा हिरवा तुकडा आणि मधोमध मांडव, एवढं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं. देवाला आपण असेच दिसत असू, असं क्षणभर वाटून अंगावर काटा आला. यंत्र खाली येऊ लागलं तसा पडद्यावर एक माणूस मोठा मोठा होत गेला. त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला पुरीएवढं टक्कल होतं. तो मीच होतो.

मी ते टक्कल बाजूचे केस वर ओढून झाकत असे. घरात एक बायको सोडली तर ते कोणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती. माझा हात झटकन डोक्यावर गेला. मागे उभ्या हवालदारबाईंनी ते पाहिलं आणि नजर मांडवाकडे वळवली. पोलीस असून, पुरुष असून, एवढ्याशा टकलासाठी माझं हे झालं होतं.

चौकशी मांडवामागच्याच खोलीत केली. दरडावलं नाही. घाबरलेल्या माणसावर ओरडलं, की तो खरं न सांगता आपल्याला आवडेल ते सांगतो.

"बुधवारी दुपारी कुठे उडवलास?"

"राजापेठच्या मागं, सायेब. एका बिल्डिंगचं काम होतं. दलालानं सांगतलं होतं."

"शेजारच्या गच्चीवर बाई होत्या."

"मले नाई दिसल्या. मी तं बिल्डिंगच घेऊन राहिलो होतो."

त्याने हे चटकन सांगितलं, फारच चटकन. मी तुकडा आणला नव्हता, पण त्याचा फोटो पुढे ठेवला.

"हा तुझाच पंखा ना?"

"हो."

"कपड्यांच्या दोरीला अडकून तुटला. बिल्डिंग किती मजल्यांची?"

"पाच."

"आणि गच्चीवरची दोरी जमिनीपासून दोन मजल्यांवर. बिल्डिंग घेणारा ड्रोन दोरीपाशी काय करत होता?"

बाहेर पंगतीत 'वाढा, वाढा' चाललं होतं. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याने तो घेतला नाही.

"दिसल्या सायेब," तो खाली पाहत म्हणाला. "डोळे मिटून बसल्या होत्या, डोक्यावर एक केस नाई. मले वाटलं, कोनी साध्वी हाय, ध्यान करून राहिली. पाहाले खाली गेलो. मंग त्यायनं डोळे उघडले. त्या अशा पाहून राहिल्या होत्या, का मले मांगं पयताच येईना. घाईघाईत दोरीत घुसलो."

"मग काढून का नाही टाकलं?"

"दलालाले दाखवलं. तो म्हने, राहू दे. वस्ती किती शांत हाय, बाया गच्चीवर ध्यान करते, लोकायले आवडंल. जाहिरातीत चार सेकंद ठेवलं."

हवालदारबाईंच्या तोंडून एक शिवी निसटली, ती मी डायरीत घेतली नाही. तिथूनच अमरावतीला फोन केला. आमचे दोन शिपाई दलालाच्या कार्यालयात पोहोचले तेव्हा तो संगणकासमोरच बसला होता. जाहिरात तयार होती, फक्त पाठवायची बाकी होती. संगणक, पेन ड्राइव्ह, मोबाइल, सगळं ताब्यात घेतलं. इकडे आम्ही ड्रोन आणि मूळ मेमरी कार्ड जप्त केलं. चित्रीकरण या दोघांपलीकडे गेलेलं नव्हतं. मी बाईंना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, आता ते तुमच्याकडे आहे ना? मग ते तुम्ही पाहणार."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्डात काय आहे याचा पंचनामा करायचा, म्हणजे ते लावून पाहणं आलं. पंच पाहणार, तपास अधिकारी म्हणून मी पाहणार, लिहिणारा शिपाई पाहणार. जे कोणी पाहू नये म्हणून बाई ठाण्याची पायरी चढल्या, ते आम्हीच रांगेने पाहणार होतो, आणि वर सह्या करणार होतो.

"सांगा, कसं करू?" मी विचारलं. आयुष्यात फिर्यादीला हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

बाईंनी आदल्या रात्रीच सगळं ठरवून ठेवलं असावं. पंच बायका हव्यात, आणि त्या दुसऱ्या वस्तीतल्या. लिहायला हवालदारबाई. त्या स्वतः तिथे बसतील. मी दाराबाहेर. सोमवारी तसंच केलं. दोन शिक्षिका पंच म्हणून आल्या. दार लागलं आणि मी माझ्याच ठाण्यात बाहेरच्या बाकावर फिर्यादीसारखा बसून राहिलो.

तासाभराने दार उघडलं. बाईंच्या डोक्यावर टोप नव्हता. पंचनामा करताना खूण पटवायला त्यांनीच तो काढला होता आणि परत घातला नव्हता. मी उभा राहिलो, हे मला नंतर हवालदारबाईंनी सांगितलं. वरिष्ठ आल्यावर राहतो तसा, ताठ.

"सायेब," हवालदारबाई हळू म्हणाल्या, "त्यात दोन गल्ल्या हाय. अजून पाच गच्च्यांवर मानसं हाय. त्यातली एक तुमच्या घराची हाय. वहिनी हाय त्यात."

बाईंच्या घरापासून दुसऱ्याच गल्लीत आम्ही भाड्याने राहत होतो. मी आत शिरलो आणि कार्ड लावलेल्या लॅपटॉपकडे माझा हात सरळ गेला. मी तपास अधिकारी होतो, मला कोण अडवणार? आणि दुपारी तीनला माझी बायको गच्चीवर काय करते, हे मला चोवीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. ती गच्चीवर जाते, हेच मुळी ठाऊक नव्हतं.

"काय करतेय ती?" मी विचारलं.

हवालदारबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "वाईट काही नाही, साहेब. काळजी करू नका. पण त्यांनी ते कोणासाठी केलेलं नाही. मलाही ते पाहावं लागलं, याचं मला वाईट वाटतंय. तपासाला त्याची गरज आहे का?"

नव्हती. पंचनाम्यात त्या बायकांनी बाईंच्या सांगण्यावरून आधीच लिहून घेतलं होतं: 'इतर गच्च्यांवर काही व्यक्ती दिसतात. गुन्ह्याशी संबंध नसल्याने वर्णन घेतलेलं नाही.' इतक्या वर्षांत इतकं शहाणं वाक्य मी कुठल्याच पंचनाम्यात वाचलं नव्हतं. स्वतःवर एवढं बेतलेलं असताना या बाईने पाच अनोळखी घरांची अब्रू राखली होती. मी मेणबत्ती पेटवली, कार्डाच्या पाकिटावर लाख ओतली, सील दाबलं आणि सही केली.

खटला चालला. दोघांनाही शिक्षा म्हणावी तर किरकोळच झाली. पण बाईंनी चैत्रात अकोल्याला जाऊन आईला सांगितलं, आपल्या तोंडाने, आपण निवडलेल्या दिवशी. आईने म्हणे त्यांच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला आणि तेल लावून दिलं. हे सांगायला बाई पेढे घेऊन ठाण्यात आल्या होत्या, आणि आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

या केसने मला काय शिकवलं, ते सांगतो. आम्हा पोलिसांना वाटतं, लपवणारा म्हणजे काहीतरी केलेला. आयुष्यभर त्याच नजरेने मी लोकांची दारं वाजवली. पण काही न केलेल्या माणसालाही स्वतःपुरती एक जागा लागते, आणि ती त्याच्याकडून घेतली तर त्याचं फार मोठं काहीतरी जातं, हे मला त्या बाईंनी समजावलं. आणि माझ्याच घरात अशी एक जागा इतकी वर्षं होती, याचं मला आजही नवल वाटतं.

आता मी दिवसभर घरीच असतो. तीन वाजले, की बायको हातातलं काम टाकून वर जाते. अर्ध्या तासाने उतरते तेव्हा तिचा चेहरा फुललेला असतो. मी तिला कधी विचारलं नाही. परवा पाहुणे आले आणि म्हणाले, वहिनी कुठे दिसत नाहीत, वर आहेत का, बोलावू का? मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "बसा. ती येईल तेव्हा येईल."