घाबरलात तर पैसे परत

आमच्या सासऱ्यांनी तीस वर्षं एस.टी.ची लाल गाडी चालवली, आणि त्यातली बरीचशी मलकापूरच्या पुढच्या घाटात. धुक्यात हातभर पुढचं दिसत नसताना एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात तंबाखूची चिमूट, हे वर्णन मी लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आल्या दिवसापासून ऐकते आहे. ऐकणाऱ्याला शहारा आला की ते खूश होतात. ‘तुम्हाला भीती नाही वाटायची?’ असं कुणी विचारलं तर आणखी खूश होतात आणि म्हणतात, ‘भीती म्हंजी काय असतंय?’

आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. तर अशा माणसाच्या जमिनीवर माझ्या नवऱ्यानं भीती विकायचं दुकान काढलं.

दुकान म्हणजे झुलती होडी. कोडोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून मामांचं रान आहे. नवऱ्यानं वर्कशॉपातली नोकरी सोडली, एका जत्रावाल्याकडून जुनी होडी आणली, तिचा नट न् नट बदलला, तिला निळा रंग दिला, शेजारी दोन घसरगुंड्या आणि एक चहाचा गाडा उभा केला आणि कमानीवर ‘पार्क’ असं लिहिलं. तिकीट खिडकीत मी. मामांनी आधीच बजावलं होतं, ‘शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारपतोर बघतो. न्हाय जमलं तर होडी भंगारात आणि रानात ऊस. माणूस पैसं देऊन भ्यायला येतोय व्हय? फुकट भ्यायला घरात बायकू हाय की.’ सासूबाई तिथंच लसूण सोलत होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि मामा बाहेर पान आणायला गेले.

पहिला महिना आमचं नियमित गिऱ्हाईक म्हणजे वाळूची पोती. नवरा रोज सकाळी होडीत पोती बसवून दहा फेऱ्या काढायचा, सगळं नीट आहे ना म्हणून. पोती निमूट बसायची, तक्रार करायची नाहीत. माणसांचं तसं नव्हतं. माणसं कुंपणाला टेकून भडंग खायची, होडी बघायची आणि ऐंशी रुपये हा आकडा ऐकला की हसायची. एक पाव्हणे मला म्हणाले, ‘वैनी, ऐंशी रुपयांत मिसळ येती. घाम तिच्यानं बी फुटतोय, आणि वर पाव मिळतोय.’ खरंच होतं ते.

त्यात जे बसायचे ते ओरडायचे नाहीत. इतर ठिकाणी म्हणे अशा होडीत लोक किंचाळतात, आणि ती किंचाळी ऐकून बाहेरचे आत येतात. आमच्याकडे ओरडला तो घाबरला, आणि घाबरला तो पुढची दहा वर्षं पेठेत ‘होडीवाला’ म्हणून ओळखला जाणार. त्यामुळे होडी आभाळाला टेकली तरी आतले सगळे हाताची घडी घालून, तिरकं बघत, दाताखाली जीभ धरून बसलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ग्रामसभा चालू आहे.

मग मी अक्कल चालवली. माझं कॉमर्स झालंय, त्यामुळे असली अक्कल माझ्याकडे बरीच आहे. मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली: ‘घाबरला नाहीत तर पैसे परत!’ नवऱ्याला म्हटलं, आता बघ. एवढी भारी होडी आहे, घाबरणार कसे नाहीत? आव्हान दिलं की माणूस येतोच. नवऱ्यानं मान डोलावली. आमच्या दोघांपैकी एकाला तरी आपण कोल्हापुरात राहतो याची आठवण व्हायला हवी होती.

त्या रविवारी रांग पार रस्त्यापर्यंत गेली. मी खिडकीत बसून मनातल्या मनात पेढे वाटत होते. पहिली फेरी उतरली. एका गड्याची चप्पल वरच राहिली होती. दुसरा चिंचेच्या झाडाला मिठी मारून उभा होता आणि सोडायला तयार नव्हता. तिसऱ्याचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा. आणि ते सगळेच्या सगळे, झाडवालासुद्धा, जरा सावरल्यावर माझ्या खिडकीसमोर येऊन उभे राहिले.

‘काय न्हाय वो ह्यात. पैसं द्या.’

‘अहो, तुमचे पाय लटपटताहेत!’

‘ते जन्मापासनंच हाय.’

एकेका फेरीला तेच. बायका त्याहून वरचढ. एक आजी होडीतून उतरताना देवाचं नाव घेत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘माझी जपाची वेळ झालीती.’ दुपारपर्यंत गल्ला रिकामा झाला आणि होडीच्या डिझेलपायी नवऱ्याच्या खिशातलंही संपलं. आणि लोक पैसे परत घेऊन घरी जावेत ना? पुन्हा रांगेत!

शेवटी एक मिशीवाले पाव्हणे आले, भिंतीला धरत धरत. त्यांनी हात पुढे केला आणि माझं डोकं फिरलं. खिडकीत सूचना द्यायचा माइक होता, तो मी त्यांच्या तोंडासमोर धरला आणि ओरडले, ‘देते! पण आता उलटं. घाबरलो म्हणा. ह्या माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, मगच देते!’

पाव्हण्यांनी माइककडे पाहिलं. मागच्या रांगेकडे पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्यात ऐंशी रुपयं. काय सोनं लागून गेलंय?’ आणि ताठ मानेनं निघून गेले. जाताना कमानीला धडकले, पण ताठ मानेनंच.

त्याच संध्याकाळी आम्ही पाटीवरचं ‘घाबरला नाहीत’ खोडून ‘घाबरलात’ केलं आणि खाली लिहिलं: ‘माइकवर सांगावे लागेल.’

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला आजही आवडतं. गावंच्या गावं आली. टेम्पो भरून आली. होडीत बसायचं, उतरायचं, माइकसमोरून मिशा पिळत जायचं आणि पैसे मागायचे नाहीत, ही मोठी बहादुरी झाली. कोडोलीची पोरं आली म्हणून मलकापूरची आली. एका लग्नाचं वऱ्हाड वाट वाकडी करून आलं, आणि नवरदेवाला बसवून मेहुण्यांनी त्याच्यासमोर माइक धरला. तो बिचारा नवरीच्या ओटीतला नारळ घट्ट धरून उभा राहिला. दोन महिन्यांत एकानंही पैसे परत मागितले नाहीत.

मला वाटलं, जिंकलो. पण मामांना ते पटलं नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात जेवताना म्हणाले, ‘गर्दी हाय, न्हाय म्हणत न्हाय. पण ही होडीची गर्दी न्हवं, फुशारकीची हाय. होडीत काय दम न्हाय. लोकांस्नी एक दिवस कळंल आणि समदं बंद पडंल. रविवारी मी सोता बसतो. मला काय वाटलं न्हाय तर सोमवारी ट्रॅक्टर सांगतो.’

नवऱ्याचा घास हातातच राहिला. ज्या माणसाला तीस वर्षं घाटात काही वाटलं नाही, त्याला आमच्या निळ्या होडीत काय वाटणार? पुढचे चार दिवस नवरा होडीकडे आजारी म्हशीकडे बघावं तसा बघत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. त्यानं त्या होडीसाठी बोटांची सालं काढली होती, आणि निकाल लागणार होता तो एका माणसाच्या फुशारकीवर.

रविवारी मामा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि सोबत त्यांचे जुने कंडक्टर, जे त्याच घाटात वीस-पंचवीस वर्षं त्यांच्या मागे उभे होते. बातमी पसरलेली, त्यामुळे कुंपणाला माणसांची भिंत. दोघं अगदी टोकाच्या बाकावर बसले, जिथं होडी सगळ्यात उंच जाते. नवऱ्यानं बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले. ऐकू काहीच आलं नाही.

होडी थांबली. मामा उतरले, टोपी नीट केली आणि माझ्या खिडकीकडे चालत आले. मी मनातल्या मनात ट्रॅक्टर बघितला. त्यांनी हात पुढे केला, पण पैशांसाठी नाही. माइक उचलला.

‘मी भ्यालो,’ ते म्हणाले. ‘लई भ्यालो. होडी चांगली हाय, ऱ्हाऊ दे.’

मला वाटलं झालं, पण त्यांनी माइक सोडला नाही.

‘आणि घाटात बी भ्यायचो. रोज. मागं पन्नास माणसं असायची, म्हणून बोललो न्हाय कधी. घरी बी न्हाय.’

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी वर्षं ऐकलेली ती तंबाखूची चिमूट, आणि माणूस आतून रोज थरथरत होता. नवरा होडीच्या बटणापाशी तोंड उघडं टाकून उभा होता.

तेवढ्यात कंडक्टरकाका धडपडत आले. त्यांचे पाय अजून होडीतच असावेत. त्यांनी मामांच्या हातातून माइक हिसकावला आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असे ओरडले, ‘अरं लबाडा! जल्मभर मी मागनं तुझ्या मानंकडं बघायचो! हेची मान हलत न्हाय, म्हंजी समदं बेस हाय, असं म्हणून तिकिटं फाडायचो! आदी बोलला असतास तर मी तवाच पासच्या खिडकीत बदली मागितली असती की!’



‘मान हलंल कशी?’ मामा म्हणाले. ‘भ्यानं आखडलेली असायची.’