घरचं उद्या

"बगा, तोंड दिसतंय का?"

कल्हई लावून झाली की भांडं गिऱ्हाइकापुढे धरून हे विचारायचं, ही लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या आमच्या कल्हईवाल्या चाचांची सवय. दिसतंय म्हटल्याशिवाय भांडं हातात द्यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "दिसतंय, पण काळं दिसतंय." तर म्हणाले, "त्याला माजी कल्हई काय करनार, वैनी?"

दुकान म्हणजे एक भाता आणि कोळशाची भट्टी, मागे घर. तुमच्याही गावात असा माणूस असेल. चाचांचा एक नेम होता, दारात आलेलं भांडं तसंच परत पाठवायचं नाही. त्यात स्वतःच्या घरची भांडी राहून जायची. चाची आतून कुरकुरायची आणि चाचा म्हणायचे, "घरचं उद्या." सगळी पेठ हसायची. मीही हसायचे.

मग महायुद्धात कल्हईचं कथील मिळेनासं झालं. बाकीचे त्यात शिसं मिसळू लागले. चाचा म्हणाले, "शिसं पोटात जातं. मला न्हाई जमायचं."

तेवढ्यात माझ्या लेकीचं बारसं आलं. बेत कढीचा आणि आमच्या पातेल्याची कल्हई उडालेली. उघड्या पितळेत आंबट कळकतं, त्याचं विष होतं, हे कोणाला ठाऊक नाही? मी पातेलं घेऊन गेले. चाचांच्या हातात बोटाएवढी कथलाची कांडी होती आणि पुढ्यात चाचीचं पातेलं घासून ठेवलेलं.

"येवढंच ऱ्हायलंय, वैनी."

मला कळत होतं. तरी म्हटलं, "पन्नास पानं उठायचीत, चाचा."

त्यांनी चाचीचं पातेलं बाजूला सारलं. "घरचं उद्या," म्हणाले.

कढी छान झाली. उरलेली मीच पातेल्यासकट चाचीकडे पाठवली. चाचा बेडशाला भांडी पोचवायला गेले होते आणि ती तापानं पडून होती. लोकाचं भांडं अडकवून ठेवू नये म्हणून तिनं कढी आपल्या पातेल्यात ओतली आणि माझं घासूनपुसून परत धाडलं. ती कढी तिनं दुसऱ्या दिवशी खाल्ली. आधीच झिजलेली बाई, उलट्यांनी दोन दिवसांत गेली.

मी भेटायला गेले. भट्टी विझलेली होती. रडत उभी राहिले. चाचा उठले, चाचीचं पातेलं आणलं आणि नेहमीसारखं माझ्या तोंडापुढे धरलं. विचारलं काहीच नाही.

तळाला हिरवं चढलं होतं. त्यात माझं तोंड दिसत नव्हतं.