सात माणसांची गाडी

गाडी आली त्या सकाळी सगुणदादांना सोप्यावरच्या खुर्चीत, त्यांच्या जुन्या कदेलावर, आणून बसवलं होतं. त्यांचा उजवा हात त्यांच्या बायकोने, शेवंतीवैनीने, उचलून मांडीवर ठेवला होता. आपणहून तो कुठेच जात नव्हता. झटका येऊन महिनाही झाला नव्हता. बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा अर्धं अंग गेलं होतं आणि बोलणंही. सगळे शब्द गेले, एकच राहिला. ‘राव.’ आमच्या लाटंबार्शात राव म्हणजे थांब. पाणी हवं असलं तरी राव, उशी सरकली तरी राव. लेक विनोदिनी कारापूरहून भेटायला आली की डोळे भरून यायचे, तेव्हाही तोंडातून निघायचं ते राव.

गाडी त्यांनीच चतुर्थीच्या आधी म्हापशाला जाऊन ठरवली होती. मिळायला वेळ लागेल म्हणाले होते, तसा लागला. मधल्या दिवसांत काय घडलं ते शोरूमच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तो हसत हसत खाली उतरला. बोनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. आम्ही शेजारचे चारपाच जण अंगणात जमलो होतो. तो एकेक दार उघडून दाखवू लागला. मधली सीट एका हाताने पुढे दुमडते. मागची पाडली की सगळं सपाट, काजूच्या गोणी घाला नाहीतर कपाट घाला. सगळ्या सीटा उभ्या केल्या की सात माणसं आरामात. मागे घेताना समोरच्या काचेच्या पाटीवर मागचं सगळं दिसतं. त्याने गाडी जराशी मागे घेऊन दाखवली, तर पाटीवर आमच्याच कोंबड्या पळताना दिसल्या. कोणीतरी हसलं.

“मालक कोण?” त्याने किल्ली वर धरून विचारलं.

आम्ही सगळे सोप्याकडे बघू लागलो. त्याचं हसू तिथेच विरलं. तो पायऱ्या चढून गेला आणि दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली. सगुणदादांनी डाव्या हाताने ती घेतली, मुठीत घट्ट धरली आणि गाडीकडे बघत म्हणाले, “राव.”

सगुण गवस मूळचे दोडामार्गाच्या पलीकडचे. मिसरूड फुटायच्या आधीच खाणीवर क्लीनर म्हणून आले, मग ड्रायव्हर झाले, पुढे स्वतःचा टिपर घेतला. डिचोलीच्या खाणींवरचा माल नदीवरच्या धक्क्यावर टाकायचा, रिकामी गाडी घेऊन परत फिरायचं, पुन्हा रांगेत लागायचं. असं त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. कानाच्या पाळीमागची लाल धूळ आंघोळ करूनही जायची नाही. माणूस अबोल, पण गाडीच्या बाबतीत फार हळवा. दुसऱ्याने गियर करकरवला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

शेवंतीवैनी मात्र जन्मभर बसने फिरली. एकदा विनोदिनी लहान असताना तापाने फणफणली होती. तिला खांद्यावर घेऊन वैनी डिचोलीत बसची वाट बघत उभी होती. तेवढ्यात समोरून भरलेल्या ट्रकांची रांग गेली. त्यांतल्या एकावर सगुणदादा होते. मागे पुढे ट्रक, थांबायची सोय नाही. त्यांनी बायकोला बघितलं, तिनेही त्यांना बघितलं आणि ट्रक पुढे गेला. मागे लाल धूळ उठली ती मायलेकींच्या अंगावर बसली. संध्याकाळी घरी आल्यावर ते विहिरीच्या कट्ट्यावर बसून पायांची धूळ धूत होते. मग एवढंच म्हणाले, “एक दिस तुका माज्या बाजूक बसवन व्हरतलंय. आमच्या सोताच्या गाडयेत.”

दिवस सरत गेले. खाणी बंद पडल्या, टिपर विकला, केस पिकले. बाजूला बसवून न्यायचा हा शब्द वैनी विसरली होती. ते विसरले नव्हते. कुणाच्यातरी लग्नात त्यांनी ही सात माणसांची गाडी बघितली आणि ड्रायव्हरच्या जागी न बसता आधी अंग चोरून सगळ्यात मागे जाऊन बसले. लोक हसले. ते खाली उतरून म्हणाले, “फुडे बसणाऱ्याचा काय, तो कसोय बसता. मागच्याचे गुडगे आपटता नये.” मुलगी, जावई, दोन नातवंडं, इब्रामपूरचा मेव्हणा पांडुरंग, आणि आपण दोघं. कोण कुठे बसेल हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं.

आणि आता ती गाडी दारात उभी होती, नवी कोरी, चालवणारं कोणी नाही. जावई कारखान्यात पाळीवर. गोकुळदास नावाचा एक ड्रायव्हर ठेवून बघितला, तर पहिल्याच चढावर त्याने गियर असा काही टाकला की सगुणदादांनी डावा हात दारावर आपटून आपटून गाडी थांबवायला लावली. तो पुन्हा आला नाही.

विनोदिनी म्हणाली, “आई, विकून टाकूया. बघून बाबांना नुसता त्रास होतो.”

वैनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “इकूक नको. मी शिकतंय.”

साठीला टेकलेली बाई. डिचोलीला शिकवणीच्या गाडीवर जायला लागली. बसस्टँडवर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगू? ती मात्र शिकली. लायसन हातात आलं त्या दिवशी देवाला साखर ठेवली, पदर खोचला, आणि दारातल्या गाडीत उजव्या बाजूला चढून बसली.

सोप्यावरून सगुणदादा बघत होते. तिने गाडी सुरू केली मात्र, त्यांनी तोंड फिरवलं. दुपारी जेवले नाहीत. घास तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मात्र वैनीचा तोल सुटला. ताट बाजूला सारून ती म्हणाली, “तुमी चलवतलास तर मी आत्ता उतारतंय! चला, उठा! उठतास?”

बोलली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. ते रडू लागले. अर्धा चेहरा रडत होता, अर्धा तसाच. तिने कधी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ती जवळ बसली, पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि किल्ली त्यांच्या डाव्या मुठीत दिली. “तुमची गाडी. तुमी दिल्यार मी घेतंय. नाय दिल्यार रावूंदे थंयच.”

दोन दिवस किल्ली त्यांच्या मुठीत होती. झोपतानाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वैनी पेज घेऊन गेली तर त्यांनी मूठ उघडून हात पुढे केला.

मग दोघं निघू लागली. आधी देवळापर्यंत, मग डिचोलीपर्यंत, मग म्हापशाला, हातापायाच्या व्यायामासाठी. त्या दिवसांतलं वैनीने मला पुढे सांगितलं. पहिल्यांदा वाटायचं, घराच्या माडीवर बसून रस्ता बघतोय, इतकं उंच. डावा कोपरा काही केल्या समजायचा नाही. कुंपणाची दोन झुडपं त्यात गेली. क्लच लोण्यासारखा मऊ, पण चढावर काळजात धडधड. एसीच्या थंड वाऱ्याने दादांच्या न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी यायचं, म्हणून ती एसी लावायचीच नाही, काचा उतरवून जनेलं उघडी टाकायची. आणि निघण्याआधी दर वेळी तिला त्यांच्या अंगावरून वाकून पट्टा लावावा लागे, कारण तो अडकवायची जागा त्यांच्या मेलेल्या हाताकडे. “आमी दिवसाउजेडी कदी इतक्या लागी आयलंव नाय गो,” ती म्हणाली. “सगळा गाव बगता आणि मी ह्येंच्या गळ्यात. पयली लाज वाटली. मागीर वाटना झाली.”

शिकवलं तिला त्यांनीच. एकाच शब्दाने. हळू ‘राव’ म्हणजे पुढे वळण आहे. तुटक ‘राव’ म्हणजे ब्रेक. लांबवलेला ‘राऽव’ म्हणजे घाई काय आहे, त्या बसला जाऊ दे. मोटरसायकलवाला आडवा आला की खिडकीबाहेर तोंड काढून त्याला जो राव घालत तो शिवीच असायचा. वैनी हसून हसून गाडी कडेला घ्यायची.

काजूच्या मोसमात तिने मागची सीट पाडली आणि बागेतली बोंडं भरून आणली. रस सांडला. तो आंबूस गोड वास, काजूच्या नव्या दारूचा, हुर्राकाचा असतो तसा, कितीतरी दिवस गाडीत राहिला. त्यांना तो अजिबात आवडला नाही. नव्या गाडीत बोंडं! नाक मुरडून बसले. पण वाड्यावरच्या सुमंगलाच्या सुनेला बाळंतपणासाठी ह्याच गाडीतून नेलं, आणि ती कळा विसरून म्हणाली, “वैनी, हुर्राकाचो वास येता गो!” तेव्हा सगुणदादा त्या अर्ध्या तोंडाने इतके हसले की लाळ सदऱ्यावर आली.

एकदा सात जागा भरल्या. वैनीच्या माहेरी इब्रामपूरला जत्रा होती. कारापूरहून लेक, जावई, नातवंडं आली. नातवंडं हट्टाने सगळ्यात मागे. पांडुरंग गाडीत बसायला मुद्दाम वाटेपर्यंत येऊन थांबला होता, तो मध्ये बसला आणि बहिणीला गाडी चालवताना बघतच राहिला. गावच्या वेशीवर फक्त म्हणाला, “आवस आसती तर...” आणि आईच्या आठवणीने नाक पुसलं. सगुणदादा पुढे बसले होते, नवा पांढरा सदरा घालून. मान पार मागे वळत नव्हती, म्हणून वरच्या आरशात मागच्यांना बघत होते. पुन्हा पुन्हा बघत होते.

तो त्यांचा चांगला दिवस. त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत.

म्हापशाहून परत येत होती दोघं. दुपार कलली होती. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, आज बोट हललं. वैनी खुशीत होती, बडबडत होती. विनोदिनीला कळवायला हवं, यंदा कुंपण नवं करायला हवं. अस्नोड्याच्या पुढे एका वळणावर समोरून टिपर आला, निम्मा तिच्या बाजूने. तिने आधीच ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली, टिपर गेल्यावर शांतपणे पुन्हा रस्त्यावर आणली. शेजारून राव आला नाही.

वैनीला इतका आनंद झाला! एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिला अडवलं नव्हतं. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “बगलात? आज राव म्हणूक लागला नाय तुमका.” आणि अभिमानाने चालवत राहिली. पुढचं वळण घेतलं, पूल ओलांडला. राव नाही. तिला वाटलं, आता ह्यांचा विश्वास बसला. आता मी ड्रायव्हर झाले.

पाव घ्यायला बेकरीपाशी तिने गाडी थांबवली. “उंडे घेव की पोळे?” म्हणत वळून बघितलं. त्यांची मान जनेलाकडे कलली होती. डोळे अर्धे उघडे. डावा हात दारावर होता तसाच.

तिने हाका मारल्या. बेकरीतली माणसं धावली. तशीच ती आरोग्य केंद्रावर घेऊन गेली, स्वतः चालवत, हॉर्नवरचा हात न काढता. डॉक्टरांनी तपासलं आणि हळू आवाजात सांगितलं, “थोडा वेळ झालाय, आई.”

शववाहिका आली. विनोदिनी आणि जावई पोचले. लेक म्हणाली, आई, तू आमच्याबरोबर चल, गाडी राहू दे इथेच. वैनी ऐकेना. शववाहिकेच्या मागे मागे ती गाडी घेऊन आली, एकटी. अंगणात आम्ही सगळे उभे होतो. ती खाली उतरली, पण रडली नाही. माझा हात धरून विचारू लागली, “थोडो वेळ म्हणजे खंय गो? अस्नोड्याक? त्या वळणार? का पुलार?”

मी तिला पायरीवर बसवलं.

“मी रस्त्याक बगत होतंय,” ती म्हणाली. “ते गेले आणि मी रस्त्याक बगत होतंय. आनी खूश होतंय.” तेव्हा तिचा बांध फुटला.

दिवसकार्य झाल्यावर लेकीने पुन्हा गाडीचा विषय काढला. वैनीने गाडी ठेवली. वाड्यावर दुसरी गाडी नाही, कोणाला डॉक्टरकडे न्यायचं तर तिलाच हाक मारतात, आणि ती नाही म्हणत नाही. चालवतेही छान. डावा कोपराही आता तिला समजतो. पण एक गोष्ट तिला सहन होत नाही. शेजारी बसलेलं माणूस गप्प झालं की ती कावरीबावरी होते, गाडी कडेला घेते, वळून बघते, मगच पुढे जाते.

परवा माझ्या डोळ्यांच्या कामासाठी तिच्याबरोबर म्हापशाला गेले होते. परत येताना ऊन होतं, मला डुलकी येऊ लागली.

“गप बसां नको,” ती म्हणाली. “कायपण सांग.”

मी सांगू लागले. सुनेचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, यंदा आंब्याला मोहर कसा नाही ते सांगितलं. अस्नोडा मागे पडला तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नाही. तिचे हात चाकावर घट्ट झालेले दिसले. मग मी रस्त्याच्या कडेच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागले. शाळेची पाटी, पंचायतीची, सिमेंटची जाहिरात, टायरवाल्याचं दुकान.

“हां,” ती समोर बघत म्हणाली. “तसाच. वाच.”