न निघालेली जोडवी

बाबा गेले तेव्हा मी शाळेत इतिहास शिकवत होतो. सिंधूकाठच्या लोकांच्या दागिन्यांचा धडा नुकताच झाला होता. माणसं गेली, गावं गेली, पण हाडांवरच्या बांगड्या तशाच राहिल्या, असं मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आपल्या घराशी त्याचा काही संबंध असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

दहाव्याला बायका आईभोवती जमल्या. मंगळसूत्र निघालं, हिरवा चुडा फुटला. घोडं अडलं ते जोडव्यांपाशी. लग्न होऊन वसईला आमच्या वाडीत आल्यापासून ती तिच्या पायांत होती. केळींना पाणी सोडताना आई पाटाच्या चिखलात अनवाणी उभी राहायची. त्यानं बोटं पसरली, पेरं जाड झाली आणि चांदीचे वेढे रुतून बसले. साबण झाला, खोबरेल झालं. आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, दोरा गुंडाळून ओढून पाहिलं. बोट लालबुंद झालं, जोडवं हललं नाही.

"सोनाराला बोलवा. कापून काढू दे," आत्या म्हणाली.

सोनार कातर घेऊन आला. आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"वन्स, तुमच्या भावामागं जायचं ते गेलं. हा आता दागिना नाही, माझा पाय आहे. पायाला कातर लावू देणार नाही."

सोनार चहाही न घेता परतला. मला आत्याचा संताप आला होता, पण मनातल्या मनात. तिच्यापुढं तोंड उघडायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती.

विधवेच्या पायांत जोडवी म्हटल्यावर गावाला आयताच विषय मिळाला. आत्यानं तर आईशी बोलणंच टाकलं. लग्नघरी बायका आईला मागच्या पडवीत बसवायच्या. ती जायची, बसायची, जेवून यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटात उभी राहायची.

वयाची ऐंशी उलटल्यावर आईही गेली. राख सावडताना जोडवी हाताला लागली. काळी पडली होती, पण वेढे जसेच्या तसे होते. आत बोट नव्हतं, इतकंच.

अस्थी सोडायला पाचूबंदरहून होडी ठरली होती. निघण्याआधी मी आत्याला जोडवी दाखवली आणि म्हटलं, "आता निघाली. सोनाराकडे देऊ?"

आत्या पार थकली होती. जोडवी तिनं तळहातावर घेतली, उलटून पाहिली. मग पदरानं पुसून तिनं ती माझ्या हातात परत दिली.

"तिच्यासोबतच सोड," ती म्हणाली. "माझ्या भावाकडं चाललीय. बोडक्या पायांनी कशी धाडू तिला?"