फिरवून काढलेला फोटो

चाचांना माणसं चेहऱ्यांनी आठवत नसत, फासळ्यांनी आठवत. आमचे हे शेजारी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. रस्त्यात कुणी नमस्कार केला की आधी नुसते बघत राहत आणि मग एकदम ओरडत, "व्हय व्हय, पेठ वडगावचं पावणं न्हवं का? डावी तिसरी बरगडी! बसली का नीट?"

फोटोत संशयाचा डाग दिसला की रोग्याला थोडं वळवून ते दुसरा फोटो काढत. डाग रोग्यात असेल तर त्याच्याबरोबर हलणार. जागचा हलला नाही तर तो मशीनचा. डॉक्टर घाई करत, पण चाचा ढिम्म. "उगंच कुणाला टीबी चिकटवायचा न्हाय," म्हणत.

१९८० सालच्या सुमारास मीही एक्स-रेचाच धंदा करत होतो. फक्त माझे रोगी आधीच मेलेले असत. स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष परदेशी उपग्रहाने टिपलेल्या क्ष-किरण चित्रांत तपासायचे, हे माझं संशोधन. अशा एका अवशेषाच्या गोल कवचात, मध्यापासून जरा बाजूला, मला तेजस्वी ठिपका दिसला. मी ठरवूनच टाकलं: हा मागे उरलेला, गरगर फिरणारा स्पंदक तारा आणि भोवतीची धूसर प्रभा म्हणजे त्याच्यातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्याने उजळलेला तेजोमेघ. लेख लिहून पाकिटात घातला आणि सुट्टीला घरी आलो. आईने गल्लीभर पेढे वाटले. जगभरच्या शास्त्रज्ञांपुढचं भाषण मी आरशासमोर म्हणून पाहत होतो.

पेढा हातात घेऊन चाचांनी चित्र खिडकीशी धरलं. "फिरवून काढलाय का?"

"चाचा, तारा आहे तो. त्याला कोण वळवणार?"

"त्यो न्हाय वळत, तर तुझं मशीन वळीव की!"

उपग्रह काही महिन्यांनी आपसूक वळला होता आणि दुसरं चित्र माझ्या पिशवीतच होतं. पहिल्याच्या प्रेमात पडल्यामुळे मी ते धड पाहिलंही नव्हतं. चाचांनी दोन्ही शेजारी ठेवली. कवच, त्याच्या एका बाजूच्या जाड कडेसकट, पाव फेरा वळलं होतं. ठिपका प्रभेसकट जागच्या जागी होता.

"मशीनचा हाय," म्हणत त्यांनी पेढा तोंडात टाकला. "पेढा खरा हाय."

पाकीट मी फाडलं. जगभर हसं व्हायचं ते गल्लीपुरतं झालं, तरी दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

काही वर्षांनी सुट्टीला आलो, तर चाचा फार वाळले होते. त्यांनी उशीखालून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. त्यांच्याच छातीचा. उजवीकडे डाग होता.

"फिरवून काढलाय का?" मी विचारलं. मशीनचा असू दे, मशीनचा असू दे, असं मी मनात घोकत होतो.

चाचांनी दुसरा फोटो पुढे केला.

"हलला की, लेका," ते म्हणाले. "माझाच हाय."