भिजलेलं पोतं

शेंगदाणा नखाने फोडायचा, दोन्ही भाग डोळ्यांजवळ न्यायचे, वास घ्यायचा आणि मगच म्हणायचं, "हं, चालते." ही मावशींची सवय. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

दारव्ह्यातला आमचा बचत गट अंगणवाडीसाठी शेंगदाण्याचे लाडू करतो. मी अध्यक्ष, म्हणजे सह्या करणारी आणि लाडू चाखणारी. दाणे निवडायला तांड्यावरून या मावशी यायच्या. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मदतीला बोलावलेल्या मावशींनी त्यांच्यासमोरच पोह्यांतला दाणा फोडून पाहिला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. लग्न जमलं, हे माझं नशीब.

गेल्या पावसाळ्यात पत्रा गळून दाण्यांचं एक पोतं भिजलं आणि आठवडाभर कुणाला कळलंच नाही. उघडलं तर आत हिरवट बुरशी. लाडू दुसऱ्या दिवशी पोचवायचे होते. नाही तर काम दुसऱ्या गटाला जाणार. मी हुकूम सोडला, वरवर निवडून खमंग भाजा.

"भाजल्यानं बुरशी मरते बाई," मावशी म्हणाल्या, "तिचं जहर नाही मरत."

मग तेलघाणीवर देऊ, मी म्हटलं. खराब दाणा तेलाला, ही आमच्याकडची रीतच.

"ते तेल कोण खाईन? अन् तेल काढून उरलेली ढेप? माह्या दोन शेळ्या अशाच ढेपीनं गेल्या."

बायका चिडल्या. मी अध्यक्षाला शोभेल अशी मधोमध उभी राहिले. मावशींनी एकटीने पोतं मागच्या खड्ड्यात ओढत नेलं, चुना टाकला, माती लोटली. काम गेलं. नंतर त्यांच्याशी कुणी बोलेना. मीही नाही. हळूहळू त्या यायच्या थांबल्या.

दिवाळीनंतर काम परत मिळालं. घाईघाईने लाडू वळले आणि एक डबा घेऊन मी तांड्यावर गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे महागावले गेली, आता तिकडंच राह्यते.

परतीच्या जीपमध्ये शेजारची बाई म्हणाली, "लाडू हायेत का ताई? वास मस्त येऊन राह्यला."

तिला द्यायला झाकण उघडलं आणि हात थांबला. हे दाणे नेमके कुणी निवडले, मला ठाऊकच नव्हतं. झाकण लावलं. बाईने तोंड फिरवलं. बाकीचे लाडू सकाळी अंगणवाडीत जायचे होते आणि ड्रायव्हर अजून दोन सवाऱ्यांची वाट बघत होता.

"त्या दोन सीटचे पैसे मी देते, दादा," मी म्हटलं. "गाडी काढा."