कृष्णवंतीच्या झिऱ्यावरचे दगड

"मे महिन्यात कोणी नदी बघायला जातं का?" बायको म्हणाली. खरं तर मी घरातून पळत होतो. पाटपाण्याच्या पाळीवरून चुलतभाऊ दिनकरशी माझी जुंपली होती. या खेपेला पाटातून शेताकडे येणाऱ्या चारीचं दार आधी कोण उघडणार, एवढ्यावरून. आमच्या कोल्हारला प्रवरा रुंद आणि संथ. तिला वर मिळणारी कृष्णवंती मात्र मी कधी पाहिली नव्हती.

राजूरहून जीपनं रंधा धबधब्यापाशी उतरलो आणि काठाकाठानं वर निघालो. वाकी गावात एका घरी रात्र काढली. नागलीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. तिथल्या धरणाच्या वर कळसूबाईच्या बाजूला नदी अशी उरतच नाही. नुसते काळे खडक, दोन्ही अंगांना हिरडा नि जांभूळ. पावसाळ्यात इथे पाय ठरत नाही म्हणे. मला बुटाचा तळसुद्धा ओला करता आला नाही.

दुपारी उंबराखाली झिरा दिसला (खडकातलं पाणी पाझरून साठतं तो खळगा). तळाशी ओंजळभर पाणी, शेजारी दगडांची रांग. मला चहाची हुक्की आली. पाणी बाटलीत होतंच. रांगेतले तीन बरे दगड उचलून चूल मांडली, काटक्या पेटवल्या आणि बाटली टोपात रिकामी केली.

तेवढ्यात हंडे घेऊन चार बायका आल्या. पुढची तरुण बाई थबकली.

"अवो भाऊ, हे दगड कुठनं घेतले?"

"इथलेच, रांगेतले."

"आरं देवा! ते आमचे नंबर हायेत."

पहाटे एकेकीनं आपला दगड लावायचा, कामाला जायचं आणि दगडाच्या क्रमानं येऊन हंडा भरायचा. एका हंड्याला तासभर लागतो. पहिले तीन नंबर मी चुलीत घातले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे याहून कमी कारणावर डोकी फुटतात.

सगळ्यांत वयस्कर हौसाबाईंनी काळवंडलेला एक दगड उचलला. "ह्यो सुमीचा. पयला हुता."

"न्हाई मावशी, पयला तुमचा," ती तरुण बाई म्हणाली.

"गप. तुझ्या भावजयीला चार दिस झाले बाळंत होऊन. घरी हंडा रिकामा. पयला तुझाच हुता, मला ठावं हाय."

हौसाबाई खोटं बोलत होत्या, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. बाकीच्या दोघींनी आपले हंडे मागे सरकवले. सुमीनं डोळे पुसले आणि करवंटीनं पाणी भरायला बसली.

मी चूल मोडून दगड परत लावले, माफी मागितली.

"तुमाला काय ठावं?" हौसाबाई हसल्या. "आता तुमचाबी एक लावा शेवटी. बाटली रिकामी घिऊन कसं जाल?"

मी लावला. ऊन कलेपर्यंत बसलो. माझी बाटली भरली तेव्हा हौसाबाई आपला हंडा कमरेवर घेऊन चढ चढत होत्या.

घरी आल्यावर दोन दिवसांनी पाटाला पाणी सुटलं. पहाटेच चारीवर गेलो. दिनकर आला नव्हता. दार उघडायला आलो होतो खरा, पण हात धजेना. काठावरचा एक दगड उचलून दाराशी ठेवला, त्याच्या मागे दुसरा.

दिनकर खांद्यावर फावडं टाकून तणतणत आला आणि थांबला. "हे काय मांडलंय?"

"पुढचा दगड तुझा," मी म्हणालो. "पहिला तूच होतास."